अण्णांची पद्मिनी



परवा चौथीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारला. "तुमच्या घरातली सगळ्यात जुनी, पण अजून चालणारी वस्तू कोणती?"

भराभर हात वर झाले. कुणाकडे पणजीचं जातं, कुणाकडे तांब्याचा बंब, कुणाकडे आजोबांचं चावीचं घड्याळ. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुमच्याकडे काय आहे?"

"मोटार!" मी म्हटलं. सगळा वर्ग खो खो हसला. म्हणून आज त्या मोटारीचीच गोष्ट सांगते.

माझ्या आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. तासगावात त्यांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. १९७८ साली त्यांनी फिकट निळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी घेतली. आज आपण दुकानात जातो, रंग सांगतो आणि थोड्या दिवसांत गाडी दारात येते. तेव्हा तसं नव्हतं, बरं का! आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि मग वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं. रस्त्यावर दिसायच्या त्या मुख्यतः दोनच गाड्या, अँबॅसिडर आणि फियाट. आमच्या पद्मिनीलाही घरात सगळे 'फियाट'च म्हणायचे.

त्याला कारण आहे. ही गाडी मूळची इटलीची. तिथल्या फियाट कंपनीची ११०० नावाची गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. ही कंपनी सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली होती. पुढे १९७४ पासून गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावानं ओळखली जाऊ लागली. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिलं! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या आठवतात ना? त्या हीच गाडी. मुंबईत टॅक्सी २० वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

या गाडीची एक गंमत सांगू? हिचा गिअर खाली नाही, स्टिअरिंगलाच डाव्या बाजूला दांडी असते. पुढे एकच सलग सीट. त्यामुळे अण्णांच्या शेजारी आम्ही दोन-तीन पोरं दाटीवाटीनं बसायचो.

२०२० साली अण्णा गेले. मी मनाशी म्हटलं, गाडीला काही होऊ द्यायचं नाही. म्हणून प्लॅस्टिकचा जाड कागद आणला, गाडीला चहूबाजूंनी गुंडाळला आणि दोरीनं घट्ट बांधून टाकला. वाटलं, आता पावसाचा थेंबही लागणार नाही.

दोन पावसाळे गेले. २०२२ च्या दिवाळीत मी कागद सोडला आणि रडायलाच आले. दाराच्या खालच्या पत्र्याला भोकं पडली होती. पायाखालची जमीन पापडासारखी झाली होती. चारही टायर बसले होते. उंदरांनी वायरी कुरतडून सीटमध्ये घर केलं होतं. गाडीचा नाश ना पावसानं केला, ना उंदरांनी. तो मी केला होता, मायेनं!

हे कसं झालं? पाचवी-सहावीतल्या मुलांनी खिळ्यांचा प्रयोग केला असेल. एक खिळा कोरड्या नळीत, एक उकळून गार केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन आणि एक साध्या पाण्यात. गंजतो कोणता? तिसरा. कारण गंजायला पाणीही लागतं आणि हवाही. माझ्या प्लॅस्टिकमध्ये दोन्ही होतं. जमिनीतून येणारी ओल वर चढायची, कागदाला आतून थेंब धरायचे आणि ते पत्र्यावर ठिबकायचे. बाहेर पडायला वाट नव्हती. गाडीला हवं होतं वर छप्पर आणि अंगावर सुती कापड, म्हणजे वारा खेळता राहतो. बाईंना विज्ञान शिकवता येत होतं, पण वापरता आलं नाही!

मग पुण्याचे काका आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव. अण्णा काही गाडीत नाहीत गं. वस्तूत माणूस शोधू नये."

काकांचं काही चूक नव्हतं. विमा, कर, जागा, दुरुस्ती, सगळ्याला पैसे लागतात. शिवाय मालक वारले की गाडी आपोआप वारसांची होत नाही. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. आम्ही तेही केलं नव्हतं. आता माझ्या नावावर गाडी करायची तर बाबा, आत्या आणि काका तिघांची संमती हवी होती. दोघांच्या सह्या झाल्या होत्या. काकांची राहिली होती.

मी काहीच बोलले नाही. गाडीचा खण उघडला. आत अण्णांची वही होती, लाल पुठ्ठ्याची. उंदरांनी तिचा एक कोपरा खाल्ला होता, एवढंच. अण्णा हिशेबाचे पक्के. किती लिटर पेट्रोल, काटा किती, कुठे गेलो, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. काका उभ्याउभ्या पानं उलटू लागले. एका पानावर थांबले.

"१८ ऑगस्ट १९८१. रात्री १।।. तासगाव ते मिरज. पाऊस."

एवढंच. पेट्रोलचा आकडा लिहायचा राहून गेला होता. अख्ख्या वहीत तेवढाच राहिला होता.

काका तेव्हा बारा वर्षांचे होते. विषमज्वरानं फणफणलेले. त्या रात्री त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं, ते या गाडीतून. बराच वेळ काका गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "मिस्त्री किती म्हणतो?"

सही झाली, पण एका अटीवर. "दर सहा महिन्यांनी मी येऊन बघणार. पुन्हा गंजलेली दिसली तर विकायची. मग रडायचं नाही."

माझी त्या वर्षीची भिशी मिस्त्रींच्या हातात गेली. खालचा पत्रा नवा घातला. ब्रेक, वायरिंग, टायर सगळं बदललं. मी म्हटलं, "रंगही नवा द्या, चकाचक!" मिस्त्री म्हणाले, "ताई, जेवढं कुजलंय तेवढंच बदलू. चांगलं आहे ते राहू दे. नाहीतर नावाला जुनी, आणि सगळी नवी." म्हणून पुढच्या दारावरचा अण्णांच्या अंगठीचा ओरखडा अजून आहे. काढलेले सुटे भागही मी फेकले नाहीत, चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवलेत. कधीतरी नमुना म्हणून लागतात.

मिस्त्रींनी मला वहीत लिहून दिलेले नियम तुम्हालाही सांगते. गाडी बंद ठेवायची नाही, पंधरवड्यातून एकदा तरी इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवायची. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने शिळं होऊ द्यायचं नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, म्हणून नळ्या त्याला टिकतील अशा बसवायच्या. पावसातून आल्यावर पायपुसणी उचलून खालची जमीन वाळवायची.

एवढं सांगून झाल्यावर वर्गातली एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्ही आम्हाला प्रदूषणाचा धडा शिकवता. मग धूर सोडणारी गाडी कशी ठेवता?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न खराच होता. आजच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारं यंत्र असतं, ते हिच्यात नाही. एअरबॅगही नाही. म्हणून शाळेत मी एसटीनंच येते. पद्मिनी महिन्यातून दोनदा, तीही गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर, सावकाश. पीयूसी वेळेवर. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संस्थांचा जो महासंघ आहे तोही हेच मानतो. निदान ३० वर्षं जुनी, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ती ऐतिहासिक गाडी. आपल्या सरकारनंही २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. अशा गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण मग त्या रोज फिरवायच्या नाहीत, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायच्या. आमच्या पद्मिनीला पन्नाशी २०२८ मध्ये. तोवर दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी. २०२३ ची परीक्षा ती पास झाली!

त्या दिवशी काका मुद्दाम पुण्याहून आले होते. परत येताना ते चालवायला बसले. चाळीस वर्षांनी त्यांचा डावा हात न बघता बरोबर दांडीवर गेला. घरी आल्यावर त्यांनी अण्णांची वही मागितली आणि तारीख लिहिली, काटा लिहिला, पेट्रोल लिहिलं. गाव लिहिलं. वही पुढे चालू झाली.

आता तुमचं काम. या रविवारी घरातली एक जुनी वस्तू निवडा. शंभर पानी वही घ्या. ती कुणी घेतली, कधी घेतली, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, हे आजी-आजोबांना विचारून लिहा. आणि पालकहो, माळा झाडण्याआधी मुलांना एकदा वर घेऊन जा. आणि हो, प्लॅस्टिकमध्ये काही गुंडाळून ठेवलं असेल, तर आधी तेवढं सोडा!

तुमची,
बाई