मुक्त की मोफत?



आपले मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. शेतकरी येथे कापूस विकायला आणतो, तेव्हा त्याची नजर वजनकाट्यावरून हलत नाही. आपण मात्र हजारो रुपयांची वस्तू घेताना एवढे सावध असतो का? माझ्या घरातील एका प्रसंगावरून मला हा प्रश्न पडला.

माझ्या धाकट्या बहिणीला परभणीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिला लॅपटॉप हवा होता आणि घरात पैसे बेताचेच होते. दुकानात आम्ही दोन लॅपटॉप पाहिले. दोन्ही सारखेच, पण एक काही हजार रुपयांनी स्वस्त. कारण त्यात विंडोज नव्हते. दुकानदार म्हणाला, "सर, स्वस्तातला घ्या. पाचशे रुपये द्या, विंडोज मी टाकून देतो. सगळे असेच करतात." माझा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात बहीण हळूच म्हणाली, "भाईजान, हे विंडोज विकत घेतलेले आहे की कॉपी केलेले?"

मी निरुत्तर झालो. परीक्षेत कॉपी करू नका, असे वर्गात मीच तर सांगतो! आम्ही स्वस्त लॅपटॉपच घेतला. पण ते पाचशे रुपये दिले नाहीत. त्यात आम्ही लिनक्स बसवले.

संगणकाचे सर्व भाग एकत्र चालवणाऱ्या मुख्य प्रणालीला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली आहे, लिनक्स ही दुसरी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा विचार मांडला की, प्रत्येकाला संगणकाची प्रणाली वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मुभा असावी. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो जगासाठी खुला केला. आज ॲण्ड्रॉइड मोबाइलमध्ये हाच गाभा असतो. म्हणजे लिनक्स तुमच्या घरात आधीच आलेले आहे. फक्त तुमची त्याच्याशी ओळख नाही.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्या. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन शब्द आहेत. उर्दूत आपण 'मुफ्त' आणि 'आझाद' म्हणतो. दुकानदार देत होता ती वस्तू जवळजवळ मोफत होती, पण मुक्त नव्हती. तिच्या मालकाने ती वाटायची परवानगी दिलेली नव्हती. लिनक्स मात्र मुक्त आहे. त्याची प्रत मित्राला दिली तर तो गुन्हा ठरत नाही. उलट, ते वाटण्यासाठीच बनवलेले आहे.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली. केरळमधील सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. मग आपल्या शाळांनी मागे का राहावे?

आता आम्ही काय केले, ते सांगतो. लॅपटॉप निवडताना ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पाहिली. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील लिनक्स मिंट हा नवशिक्याला सोपा वाटला. त्याची सुमारे ३ जीबीची फाइल आम्ही अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हवर चढवली. मग लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला. यात मोठी सोय अशी की, लॅपटॉपमधील काहीही न बदलता प्रणाली आधी चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा सर्व तपासले आणि मगच ती कायमची बसवली. लॅपटॉप जुना असेल तर आधी आपल्या सर्व फाइली दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर त्या पुसल्या जातील.

शेवटी आम्ही मराठी आणि उर्दू असे दोन कीबोर्ड जोडले आणि 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मुक्त फॉन्ट घेतला. लिब्रेऑफिसमध्ये एकाच पानावर वर उजवीकडून डावीकडे उर्दू आणि खाली डावीकडून उजवीकडे मराठी उमटली, तेव्हा बहिणीला झालेला आनंद मी विसरणार नाही. आपल्या शाळेचे भित्तिपत्रकही असेच निघू शकेल.

लिनक्समध्ये अडचणी नाहीत, असे मी म्हणणार नाही. आमचा जुना प्रिंटर दोन दिवस रुसून बसला होता. काही प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतात. तालुक्याच्या गावी लिनक्स जाणणारा कारागीरही सहज सापडत नाही. ज्याच्या अभ्यासक्रमाला किंवा नोकरीला विंडोजच लागते, त्याने ते जरूर घ्यावे. पण पैसे देऊन, पावती घेऊन. विंडोज वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. न विचारता उचललेली वस्तू वाईट आहे. शिवाय कॉपी केलेल्या प्रणालीबरोबर व्हायरस आला, तर पाचशे रुपयांची बचत फार महागात पडते.

आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ न पेलणारे अनेक जुने संगणक आता अडगळीत जातील. ते फेकू नका. लिनक्सवर त्यांतील कितीतरी संगणक अजून काही वर्षे काम देतील. ज्या मुलाच्या घरी नवा लॅपटॉप येऊ शकत नाही, त्याच्यासाठी हीच मोठी देणगी ठरेल.

मित्रांनो, गरिबी ही लाजेची गोष्ट नाही. पण गरिबीचे निमित्त करून दुसऱ्याची वस्तू उचलणे ही लाजेची गोष्ट आहे. मुक्त मार्ग उपलब्ध असताना चोरवाट कशाला धरायची? उद्या तुमच्या घरी लॅपटॉप घेण्याची वेळ येईल, तेव्हा माझ्या बहिणीने विचारलेला प्रश्न तुम्हीही विचारा. वजनकाट्यावर नजर ठेवणाऱ्या शेतकऱ्याची मुले आहात तुम्ही. एवढे तर तुम्ही नक्कीच कराल.