किल्ली कुणाच्या हातात?

कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा, तो म्हणेल, ‘गाडी म्हणजे आपली लक्ष्मी.’ दसऱ्याला या लक्ष्मीला झेंडूचं तोरण आणि नारळ मिळतो. पुढच्या काचेवर पोराचं नाव असतं, मागच्या फाळक्यावर आईचा आशीर्वाद. घरातल्या खऱ्या लक्ष्मीचं नाव सहसा गाडीवर नसतं आणि कागदातही नसतं. जिथे कागदात असतं तिथे ते का असतं, हे पुढे बघू.

आज ग्रामीण महाराष्ट्रात डिझेल पिकअपशिवाय पान हलत नाही. कांदा बाजार समितीत न्यायचा, शेळ्या आठवडी बाजाराला न्यायच्या, मंडपाचं सामान, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यावरच. पोटापाण्याचं साधन म्हणून तिच्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पण पिकअप हे नुसतं साधन राहिलेलं नाही. तिच्याभोवती पुरुषांची एक बिरादरी उभी राहिली आहे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर या बिरादरीची रोज बैठक भरते. कुठला मिस्त्री पंप नीट बसवतो, कुठल्या दुकानात अस्सल माल मिळतो नि कुठे नकली, जादा वजन घ्यायला पाटे कुठे वाढवून मिळतात, पासिंगच्या आधी काय काय करून घ्यायचं, हे सगळं ज्ञान तिथे फुकट वाटलं जातं. रात्री घाटात एकाची गाडी बंद पडली तर दुसरा दोर घेऊन धावतो.

मैत्रिणींनो, हा एकोपा खोटा नाही, आपण त्यातून शिकावं असाच आहे. आक्षेप एवढाच, की या बिरादरीच्या दारावर ‘बायकांना मज्जाव’ अशी न लिहिलेली पाटी आहे. आणि बिरादरीचा खर्च मात्र बायका भरतात.

कसा ते बघा. गाडी घेताना सुरुवातीची रक्कम लागते. ती उभी राहते बाईचं सोनं मोडून किंवा गहाण टाकून. कमी पडलं तर बचतगटातून तिच्या नावावर कर्ज निघतं. फायनान्सचा हप्ता चुकू नये म्हणून ती रोजंदारीला जाते. पहाटे तीनला भाडं असेल तर अडीचला चूल पेटवून डबा तीच करते. डिझेलचा, टोलचा हिशेब तिच्याच डोक्यात असतो. गाडी मात्र ‘त्याची’.

आणि देखभाल? ठरावीक किलोमीटर झाले की ऑइल बदललंच पाहिजे, फिल्टर बदललाच पाहिजे, ग्रीसिंग चुकता कामा नये. कारण ‘इंजिन बसलं तर धंदा बसला.’ खरं आहे. पण बाईचं इंजिन बसत नाही काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. ज्या घरात गाडीचं ऑइल रोज दांडी काढून तपासलं जातं, त्या घरात बाईचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं? बहुतेक उत्तर असेल, शेवटच्या बाळंतपणात.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं, ‘बायकांना गाडीतलं काय कळतं?’ कळायला काय लागतं? जी बाई प्रेशर कुकरच्या आवाजावरून शिट्टी अडकल्याचं ओळखते, पिठाची गिरणी चालवते, विहिरीवरची मोटार दुरुस्त होईपर्यंत मिस्त्रीच्या मागे उभी राहते, तिला डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढता येणार नाही? अडचण अकलेची नाही, प्रवेशाची आहे. गॅरेजमध्ये उभी राहिलेली बाई चार नजरांना सलते, म्हणून ती तिथे जात नाही. जात नाही म्हणून शिकत नाही. आणि शिकत नाही म्हणून तिला कळत नाही असं म्हणायला सगळे मोकळे.

परवान्याची सबबही आता चालणार नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपली नेहमीची पिकअप या मर्यादेच्या खूप आत बसते. म्हणजे जी बाई कार चालवायला शिकली तिला कायद्याने पिकअपचं दार उघडं आहे. बंद आहे ते घरचं दार.

मग पिकअपमध्ये बायका असतात कुठे? हौद्यात. कापूस वेचायला, कांदे लावायला, निंदणीला जाणाऱ्या बायका पहाटे हौद्यात उभ्या असतात, एकमेकींना धरून. पुढे केबिनमध्ये ड्रायव्हर आणि मुकादम. देवदर्शनालाही तसंच. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटात कोसळली आणि त्यात अनेक जणींचा जीव गेला. दोन दिवस बातम्या आल्या, मदत जाहीर झाली, आणि पहाटेच्या खेपा पुन्हा सुरू झाल्या. बायका हौसेने हौद्यात चढत नाहीत. शेतावर वेळेत पोचवणारी एसटी नाही, म्हणून चढतात.

हौद्यात मेलेल्या बाईची किंमत कायद्याच्या हिशेबात काय, हे प्रत्येक गटाने समजून घेतलं पाहिजे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात १९९४च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी आला. पण न्यायालयांनी अर्थ लावला तो केबिनमध्ये बसलेल्या मालकापुरता. माल नसताना नुसती बसून जाणारी व्यक्ती त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली हे स्पष्ट केलं आणि २००४ साली बलजित कौर खटल्यात पुन्हा सांगितलं. काही खटल्यांत ‘विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावी’ असा आदेश मिळतो. पण तो मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर मयत बाईच्या घरच्यांनी थेट गाडीमालकाच्या मागे लागायचं.

आणि इथेच ‘कागदात असलेलं नाव’ पुढे येतं. कर्ज बायकोच्या नावावर सोपं मिळतं, योजनेत सवलत असते, किंवा नवऱ्याची आधीची थकबाकी असते, म्हणून काही गाड्या बायकोच्या नावावर निघतात. ती सही करते आणि चुलीकडे वळते. किल्ली तिच्या हातात कधी येत नाही. हौद्यात माणसं भरू नका, असं सांगायची तिची टाप नसते. पण अपघात झाला की न्यायाधिकरणाची नोटीस मालकिणीच्या नावाने येते. म्हणजे हौद्यात मरणारी बाई, आणि भरपाईच्या वसुलीत घरदार गमावणारीही बाई! याला कुणी स्त्रियांची मालकी म्हणत असेल, तर ती मालकी आपल्याला नको. आपल्याला नुसतं नाव नको, नावाबरोबर अधिकार हवा.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर ती त्याची एकट्याची. आपल्याकडे लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेत बायकोचा आपोआप वाटा धरणारा कायदा नाही. शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. सावंतवाडीच्या बाईने दहा वर्षं हप्ते फेडले तरी गाडीत तिचा वाटा नाही, आणि पेडण्यातल्या बाईचा अर्धा. मधे फक्त राज्याची हद्द आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ४१ सामाईक मालकी मान्य करतं, पण नोंदणीचा अर्ज त्यांतल्या एकाने करायचा आणि कायद्यापुरता तोच मालक समजायचा, असं सांगतं. तो ‘एक’ कोण असतो, हे सांगायला नको.

काही कार्यकर्ते विचारतील, पिकअपवाला तरी कुठला सावकार? तोही फायनान्सवाल्याच्या दाराशी उभा, रात्र रात्र जागणारा. बरोबर आहे. त्याचं आपलं वैर नाही. पण त्याचं शोषण होतं म्हणून त्याने घरातल्या बाईच्या सोन्यावर आणि हौद्यातल्या बाईच्या जिवावर धंदा करावा, हे आपण का मान्य करायचं? दोन हप्ते थकले तर गाडी ओढून नेतात, हे त्याला पाठ असतं. बायकोच्या घामाचे हप्ते किती थकले, ते कुणी मोजलं?

तेव्हा गटांनी पुढच्या बैठकीत हे विषय घ्यावेत. बचतगटाचं कर्ज गाडीसाठी निघत असेल तर आधी विचारायचं, किल्ली कुणाकडे, हिशेबाची वही कुणाकडे? सोनं मोडलं तर पावती जपायची आणि नवऱ्याकडून लिहून घ्यायचं. स्त्रीधनावर फक्त बाईचा हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे. २०२१पासून नोंदणी प्रमाणपत्रावर वारस म्हणून नाव नोंदवता येतं, तेही नोंदवून घ्यायचं. शिबिरात भाषणं दोन कमी ठेवा, पण एक दिवस गाडीचं बॉनेट उघडा. आणि तालुक्याच्या एसटी आगारावर मोर्चा न्या. मजूर बायकांसाठी पहाटेची फेरी सुरू होईपर्यंत हलू नका.

पिकअपच्या हौद्यात आपण पुष्कळ उभ्या राहिलो. आता केबिनमध्ये बसायचं आहे, आणि शेजारच्या सीटवर नव्हे, स्टिअरिंगसमोर.