रॅक कसून घेणं ही दुरुस्ती नव्हे



आज पिकाचं नाही, पिकअपचं लिहितोय. पण शेतीचंच आहे, कारण आपला माल आणि आपली माणसं हीच गाडी वाहते.

आमची गाडी जुनी, साध्या स्टेअरिंगची. शेतातून नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जायचं, येताना खताच्या गोण्या आणायच्या, एवढंच तिचं आयुष्य. गेल्या दोन वर्षांत स्टेअरिंगला हळूहळू प्ले येत गेला. मला तो कळलाच नाही असं म्हणणं खोटं होईल. कळत होता, पण हाताला सवय झाली होती. गाडी डावीकडं ओढायला लागली की हात आपोआप उजवीकडं जायचा.

मग एकदा पुतण्या गावाला आला होता. म्हटलं, आजची खेप तू ने. मी शेजारी बसलो. सत्तर क्रेट भरलेले, म्हणजे वीस किलोच्या हिशोबानं चौदाशे किलो माल. हायवेला लागलो, समोरून ट्रक आला आणि पोरानं गाडी कडेला घेऊन उभीच केली. खाली उतरला, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तात्या, ही गाडी तुम्ही चालवता कशी? मी स्टेअरिंग फिरवतोय आणि चाकाला पत्ताच नाही."

खरं सांगतो, मला त्याचा राग आला. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. कारण त्याच गाडीत मागच्या आठवड्यात खुरपणीच्या बाया बसवून आणल्या होत्या. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे कायदा सांगतो. आपण सगळेच ते मोडतो, आणि वर असलं स्टेअरिंग.

आता मुद्द्यावर येतो. मी याआधी दोनदा रॅक "कसून" घेतला होता. रॅकच्या अंगावर एक ॲडजस्टिंग नट असतो, तो थोडा आवळला की प्ले गेल्यासारखा वाटतो. काम स्वस्तात होतं, आपण खूश. पण बांधावरून वळताना स्टेअरिंग जड लागायला लागलं आणि वळून झाल्यावर आपोआप सरळ येईना. महिन्याभरात मधला प्ले परत हजर.

असं का होतं, ते शेवटी गावातल्या मेस्त्रीनं खोलून दाखवलं. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून रॅकचे मधले दात जास्त झिजतात, टोकाचे तसेच राहतात. मधल्याच्या मापानं आवळलं तर टोकाला जाम होतं. टोकाच्या मापानं ठेवलं तर मध्ये ढिलं राहतं. झिजलेला दात आवळून भरून येत नाही. मर लागलेल्या टोमॅटोला पाणी वाढवून उपयोग नसतो, तसंच आहे हे.

आणि झीज कशामुळं? रबरी बूट फाटला म्हणून. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीचं रबर असतं. ते फाटलं की चिखल, पाणी, धूळ आत जाते. आतलं ग्रीस आणि माती मिळून दात घासायची पेस्ट तयार होते. माझ्या बुटातून तांबडा चिखल निघाला. बूट वेळेवर बदलला असता तर कदाचित रॅक वाचला असता.

बरेच जण म्हणतात, जुन्या गाडीला एवढा खर्च कशाला? मी पण म्हणत होतो. भंगारातून जुना रॅक आणायला निघालो होतो. पण तो कुठल्या गाडीचा, किती चिखल खाल्लेला, कोणाला माहीत? गाडी जुनी असली म्हणून आत बसलेली माणसं काही जुनी होत नाहीत. करप्याचा एक ठिपका दिसला की आपण त्याच दिवशी पंप पाठीवर घेतो, आणि स्टेअरिंगला म्हणतो, हंगाम झाल्यावर बघू.

शेवटी नवा रॅक बसवला. काम करून घेताना जवळ उभं राहा आणि एवढं बघा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू देऊ नका, खाली घोडी लावायला सांगा. रॅक मधोमध आणि स्टेअरिंग सरळ ठेवूनच जोडणी झाली पाहिजे. टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा, आणि तो ढिला असेल तर त्याच वेळी बदला. स्प्लिट पिना नव्याच घाला. पॉवर स्टेअरिंग असेल तर जुनं तेल काढून नवं भरा आणि हवा काढून घ्या. शेवटी अलाइनमेंट करा, नाहीतर नवे टायर एका बाजूनं खाल्ले जातील. काही पिकअपला रॅक नसून स्टेअरिंग बॉक्स असतो. आपल्याला काय आहे ते आधी वाकून बघा.

तपासायचं कसं? चाकं सरळ ठेवा, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. खाली एक माणूस चाकाकडं बघत बसू द्या आणि स्टेअरिंग हळू फिरवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ९८ आहे. त्यात स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा असं म्हटलंय. घड्याळात बारापासून एकपर्यंत जेवढं अंतर, तेवढे ३० अंश. बॉल जॉइंटला रबरी टोप्या आणि पिना पक्क्या असाव्यात हेही त्याच नियमात आहे. पण ही शेवटची हद्द झाली. माझं मत, त्याच्या निम्मा प्ले दिसला तरी गाडी मेस्त्रीकडं न्या.

आणि अजून एक करा. आपली गाडी वर्षातून एकदा दुसऱ्याच्या हातात द्या. आपल्या हाताला जे कळायचं बंद झालंय, ते त्याला पहिल्या वळणावर कळेल.

पुतण्यानं परवा परत खेप नेली. काही बोलला नाही. चावी मात्र स्वतःच्या खिशात ठेवली.