‘मुलं पळवणारी टोळी’ आणि कोल्हापूरची कागदावरची समिती

‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ हा मेसेज कोल्हापूरकरांना खोटा वाटत नाही, कारण गावित मायलेकींचं प्रकरण. पाकीटमारीत ढाल म्हणून मुलं पळवायची आणि नकोशी झाली की मारायची, हा प्रकार १९९६ मध्ये उघडकीस आला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोन्ही बहिणींना फाशी सुनावली. दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली.

पण या भीतीचं पुढे काय होतं? १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सांगलीत, जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंना बेदम मारहाण झाली. दोन्हीकडे संशय एकच, मुलं पळवण्याचा. आणि दोन्हीकडे तो खोटा निघाला.

त्यात एनसीआरबीची आकडेवारी सांगते की मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचे. जमाव मात्र अनोळखी माणसालाच धरतो.

मग गल्लीने करायचं काय? यासाठी सरकारी योजनेत प्रभाग बाल संरक्षण समिती आहे. शाळा सुटलेली, कामाला जुंपलेली, लग्न ठरवलेली मुलं शोधून यंत्रणेला कळवायची, हे तिचं काम. अडचण अशी की समितीचं अध्यक्षपद नगरसेवकाकडे, आणि कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षं नगरसेवकच नव्हते. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. प्रशासकाच्या काळात रस्ते, पाणी, कचरा यावर बोंब झाली. या समितीवर कुणी बोललं नाही, कारण ती आहे हेच बहुतेकांना माहीत नाही.

खरंतर कोल्हापूरकडे तयार माणसं आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पेठांमधल्या तालमी आणि मंडळं सगळ्यात आधी पाण्यात उतरली होती. कुठल्या घरात कोण राहतं हे त्यांना तोंडपाठ असतं. वीटभट्टीवरच्या मुलांना मात्र ना तालीम असते ना मंडळ, तिथे ‘अवनि’सारख्या संस्थाच पोचतात.

एक गोष्ट समितीची वाट न पाहताही करता येते. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अत्याचाराची शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा नंबर २४ तास चालू असतो.

आणि तुमच्या प्रभागाच्या ग्रुपवर नगरसेवक असतीलच. पुढचा टोळीचा मेसेज आला की त्याखालीच विचारा, समितीची बैठक कधी आहे?