गोळी लागली तरी गोळा फुटू नये

मोकळ्या मैदानात तोफगोळा चौकटीवर ठेवलेला असतो. माणसे दूर, भक्कम आडोशाला. मग १२.७ मिलिमीटरच्या तीन चिलखतभेदी गोळ्या सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने एकापाठोपाठ त्यावर आदळतात. एका चाचणीत नेम असतो स्फोटक सर्वाधिक असलेल्या जागी, दुसरीत सर्वांत नाजूक भागावर. आतले स्फोटक फार तर जळावे, त्याचा स्फोट होऊ नये, अशी ‘नाटो’ची अपेक्षा आहे. दुसऱ्या एका चाचणीत १८.६ ग्रॅमचा पोलादी तुकडा सेकंदाला २५३० मीटर वेगाने मारतात. शेजारी फुटलेल्या बॉम्बचा तुकडा असाच येतो.

ही काळजी फार मोठी किंमत मोजून आली. २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर एक रॉकेट चुकून सुटले आणि डेकवरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळले. आग भडकली आणि जेमतेम दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला. आग विझवायला धावलेले जवानच त्यात सापडले. त्या दुर्घटनेत १३४ जण गेले. डेकवरच्या बॉम्बपैकी काही जुने होते, आरडीएक्स आणि टीएनटीच्या मिश्रणाचे. आगीची धग त्यांना सोसली नाही.

गोळी घुसते तेव्हा स्फोटक चिरडते, घर्षणाने तापते आणि पेटते. पोलादी कवचात कोंडलेल्या वायूचा दाब वाढत गेला की जळण्याचे रूपांतर स्फोटात होते. त्यावर उपाय आहेत. स्फोटकाचे कण रबरासारख्या पॉलिमरमध्ये बांधले, तर ते धक्का बऱ्यापैकी पचवते. कवचाला दाब सोडणारी वाट ठेवता येते. अमेरिकी लष्कराने तोफगोळ्यांसाठी टीएनटीच्या जागी आयएमएक्स-१०१ हे कमी संवेदनशील स्फोटक स्वीकारले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा आगारात आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. तिथे गोळी आदळली नव्हती, पण प्रश्न तोच होता: साठवलेला दारूगोळा संकटात कसा वागतो? अशा स्फोटकांवरचे संशोधन पुण्याच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेत चालते. म्हणजे ज्ञान घरचेच आहे.

तरीही तोफगोळ्याची चर्चा निघते ती पल्ल्याची, अचूकतेची आणि किमतीची. सुरक्षित स्फोटक टीएनटीपेक्षा महाग पडते, हे खरे. पण तो खर्च आगारातल्या जवानाच्या आणि ट्रकचालकाच्या जिवासाठी आहे. म्हणून संरक्षण मंत्रालयाने दारूगोळ्याच्या प्रत्येक खरेदीत गोळीच्या आणि तुकड्याच्या चाचणीचा निकाल पल्ल्याइतकाच निर्णायक मानावा. वर्षानुवर्षे साठून राहिलेल्या मालातले नमुनेही पुन्हा याच चाचणीला उभे करावेत, आणि जो साठा नापास होईल तो आगारातून आधी बाहेर काढावा.