कायदेशीर कागदांतील संक्षेपांना आवर घालण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव व विधि परामर्शी,
विधि व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : नोटिसा, आदेश व दोषारोपपत्रांत कायद्यांची नावे पूर्ण लिहिण्याबाबत.

महोदय,

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. मात्र त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालतात. त्यामुळे एकाच न्यायालयात दोन्ही संहितांचे कागद फिरत आहेत. दंड संहितेचे कलम 302 खुनाच्या शिक्षेचे होते. न्याय संहितेत ती शिक्षा कलम 103 मध्ये आहे, आणि 302 धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. 'भा.दं.सं.' आणि 'भा.न्या.सं.' यांतला फरक मधल्या एका अक्षराचा, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तेच अक्षर पुसट होते. महसुली आदेशात तर 'सा.वा. क्र. 2 यांनी म.ज.म.सं. क. 247 अन्वये उ.वि.अ. यांचेकडे' अशी ओळ सर्रास आढळते. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाला साठ दिवस मिळतात आणि ते आदेश हाती पडल्यापासून मोजले जातात. ही ओळ कुणाकडून तरी उलगडून घेण्यात जाणारे दिवसही त्यातलेच.

वकिलांना हे संक्षेप पाठ असतात, असे यावर सांगितले जाते. खरे आहे, पण समन्स वकिलाच्या नव्हे, पक्षकाराच्या दारात येते. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1962) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेची कारणे संबंधिताला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत असे ठरवले. प्रश्न तेव्हा इंग्रजीचा होता. पण आद्याक्षरांची मराठी तरी कितीशी समजते? दुसरा आक्षेप जागेचा. 'महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966' लिहायला अर्धी ओळ लागते, आणि छापील नमुन्यात ती एकदाच घालायची आहे. नाव पन्नास वेळा येणार असेल तर 'यापुढे उक्त संहिता' ही आपल्याच मसुदालेखनातली जुनी सोय आहे. ता., जि., मु.पो. यांना आमची हरकत नाही. ते घरोघरी कळतात.

तरी कायद्याचे नाव व वर्ष पहिल्या उल्लेखात पूर्ण लिहावे, कलमाशेजारी संहितेचे नाव कधीही आद्याक्षरांत नसावे आणि पक्षकार व अधिकारी यांचा उल्लेख पूर्ण शब्दांत व्हावा, असे परिपत्रक काढावे. न्यायालयीन नमुन्यांसाठी उच्च न्यायालय प्रशासनाशी विचारविनिमय करावा, आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
निवेदनकर्ते नागरिक