आजोबांना फक्त पहाऱ्याला बसवू नका

मूल अकरावीला लातुरात आलं की घरात पहिला निर्णय होतो तो ग्राउंड बंद करण्याचा. दोन वर्षं खेळणं नाही, पळणं नाही. नीटची परीक्षा झाली की मग काय करायचं ते कर. उद्योग भवनाच्या आसपास खोली, मेसचा डबा, क्लास, टेस्ट सिरीज. नांदेडात भाग्यनगरकडे हेच. डबा मानवला नाही की गावाकडून आजी किंवा आजोबा येतात. त्यांना कामं दोनच नेमून दिलेली: पोराच्या पोटाचं बघायचं आणि ते मोबाइल तर घेऊन बसत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. अंग कसं कमवायचं हे त्या खोलीत कुणाला ठाऊक असेल, तर बहुतेक वेळा या राखणदारालाच.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, निलंगा तालुक्यातले. याच तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव. बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1977 साली बेळगावात त्यांनी पैलवान सतपालला हरवलं. ती कुस्ती आबा अशी सांगायचे, की वाटावं हे फडाच्या कडेलाच बसले होते. बेळगाव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढे बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. बीडकडचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली घडला आणि त्यानं 2018 मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. ते बघायला बिराजदार राहिले नव्हते.

आबांच्या नावावर म्हणाल तर माळेगावच्या यात्रेतला एक पटका, बस. तालमीत मुलींना पाऊल टाकायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी मला गोठ्यासमोर शिकवलं. मी बैठका मारायला लागले की मागून काठी आडवी धरायचे. काठीला टेकलं तरच बैठक धरायची, नाहीतर ती गेली. जोर मारताना कंबर लोंबली की तीच काठी पोटाखालून वर यायची. शेजारणी म्हणायच्या, पोरीला काय फडात उतरवायचंय? आबा उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसत. मला "चल गं" एवढंच म्हणायचे आणि कण्हत-कुंथत स्वतः आधी चार जोर काढायचे.

सगळी गोम तिथेच आहे. आई-बाप व्यायाम सांगतात, आजोबा बरोबर येतात. शिवाय बापाला व्यायामातूनही काहीतरी काढायचं असतं: क्रीडा गुण, पोलीस भरती, निदान एकाग्रता. आजोबांना निकाल नको असतो. ज्या वयात पोराच्या प्रत्येक तासाचे मार्क मोजले जातात, त्या वयात न मोजला जाणारा एक तास त्यांच्याकडेच मिळतो. (त्यांची वाटीभर तुपाची थिअरी तेवढी सोडून द्या.)

जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं घाम निघेल अशी हालचाल सांगते. तिच्याच अभ्यासानुसार जगातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी 81 टक्के तेवढी करत नाहीत. म्हणजे हे दुखणं एकट्या लातूर पॅटर्नचं नाही. पण दोन वर्षं बसून राहण्याला शिस्त म्हणायची पद्धत आपण इथे पाडली. त्याच नांदेडात शिखांच्या हल्लाबोलच्या मिरवणुकीत गतका खेळणारी पोरं बघा. ती कला थोरांच्या बरोबरीनं उभं राहूनच हातात येते, नोट्स काढून नाही.

क्लासवाल्यांनी पहिली बॅच सातच्या आत ठेवू नये. मुलींच्या वसतिगृहांनी पहाटे फाटक उघडावं. मुलाला फिरायला मुभा आणि मुलीला कुलूप, हा हिशेब अजून चालू आहे. माझी मुलगी बारावीला आहे, तिच्याबरोबर माझे वडील राहतात. सकाळी दोघं क्रीडा संकुलावर जातात. पालक सभेत एका सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे आत्ता गरजेचं आहे का? मी म्हटलं, आत्ताच आहे.

आणि क्लासच्या फॉर्मवर पालकांच्या नंबरशेजारी आजी-आजोबांच्या नंबरला एक रकाना ठेवा. सकाळी साडेपाचला फोन तेच उचलतील.